मुनीर सरांचा प्रश्न

मुनीर सर अतिदक्षता विभागात नातेवाइकांशी बोलायला बसले की पहिला प्रश्न विचारायचे, "बाबा चिडायचे कशावर?"

समोरची माणसं गोंधळायची. बाप व्हेंटिलेटरवर आहे, मेंदूत रक्तस्राव झालाय, आणि डॉक्टर हे काय विचारतायत? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही गोंधळले होते. लातूरहून नांदेडच्या त्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि सर विभागाचे प्रमुख होते. नांदेडच्याच इतवारा भागात वाढलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, झोप अपुरी राहिल्यासारखे डोळे. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "आवडनिवड विचारली की पोरं खोटं बोलतात, बेटा. मुद्दाम नाही, प्रेमानं. बापाला काय आवडायचं ते त्यांना धड माहीतच नसतं. पण बापाचा राग सोसलेला असतो. तो नाही विसरत कुणी."

शुद्ध गेली आणि परत यायची आशा उरली नाही, तर मला मशीनवर ठेवू नका, असं माणसाला धडधाकट असताना लिहून ठेवता येतं. कायद्यानं तशी सोय आहे. आमच्याकडे आलेल्या कुणी ते लिहिलेलं मी पाहिलं नाही. घरात विषय काढला तरी 'अभद्र बोलू नका' म्हणून गप्प करतात. मग एक दिवस माणूस कोसळतो आणि त्याच्या वतीनं बोलायची वेळ बायकोवर, पोरांवर येते. सरांचा प्रश्न त्यांच्यासाठी होता.

लोह्याच्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरची तीन पोरं मशीन काढायचं की नाही यावरून आपसात भांडत होती. सरांनी विचारल्यावर थोरला म्हणाला, "आमचा बाप बाजूच्या सीटवर बसवलं की चिडायचा, साहेब. दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग बघवायचं न्हाई त्याला." तिघंही हसली आणि हसता हसता रडायला लागली. त्यानंतर भांडण राहिलं नाही, मशीन काढायचं ठरलं. पण उत्तर नेहमी एकाच दिशेनं जायचं नाही. एका आजींची सून म्हणाली, "कोणी काम अर्धं टाकून उठलं की आत्याबाई दिवसभर बोलायच्या." त्या घरानं आणखी काही दिवस मागितले. सरांनी एका शब्दानं अडवलं नाही.

सर चिडायचे ते एकाच गोष्टीवर. मशीन काढायची रीतसर वाट लांबची असते. आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं मंडळ, मग बाहेरचा डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, दोघांचं एकमत, घरच्यांची संमती. एवढं करण्यापेक्षा काही ठिकाणी सरळ सांगतात, घरी घेऊन जा. जबाबदारी आमची, अशी नातेवाइकांची सही घेतात. मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मुलगा हातानं फुगा दाबत बापाला श्वास देत राहतो, आणि गावात पोचल्यावर तो फुगा सोडायचा कुणी, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. "ते आपलं काम होतं," सर म्हणायचे. "आपण पोराच्या हातात देऊन राहिलो."

एका उन्हाळ्यात किनवटहून कौसल्याबाईंना आणलं. निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. भाकरी थापता थापता पडल्या होत्या. मेंदूतला रक्तस्राव एवढा मोठा होता की त्या शुद्धीवर येण्याची आशा पहिल्या आठवड्यातच संपली. सोबत आलेल्या रुक्माबाई त्याच वसतिगृहात कामाला. दोघी वीसेक वर्षं एका खोलीत राहत होत्या, पण नात्यानं कुणी लागत नव्हत्या. कायद्याला जवळचं माणूस हवं होतं. शोध घेतल्यावर हिमायतनगरकडच्या एका खेड्यातून नवरा आला. मारोती त्यांचं नाव. तरुणपणीच बायकोला टाकून त्यांनी दुसरा संसार थाटला होता.

दारातच ते म्हणाले, "काय करायचं ते करा, साहेब. अंगठा कुठं लावू?"

त्या क्षणी सगळं सोपं झालं होतं. मंडळांचं मत तयार होत आलं होतं, संमती देणारा दारात उभा होता. पलंगाची गरज दुसऱ्या पेशंटला होती, हेही मला दिसत होतं. सर मात्र खुर्ची ओढून बसले.

"बसा. कौसल्याबाई चिडायच्या कशावर?"

मारोती खुर्चीच्या कडेला टेकले. "मला काय म्हाईत, साहेब? मी ऱ्हायलो कुठं तिच्यासंगं?" मग त्यांनी दाराकडं हात केला. "त्या बाईला इचारा."

रुक्माबाईंना आत बोलावलं. त्या बसल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "तिच्या अंगाला हात लावलेला तिला खपायचा न्हाई. एकदा लई ताप होता, उठता येईना. म्या तिला न इचारता आंघोळ घातली, वेणी घातली. बरी झाली तशी महिनाभर माझ्यासंगं बोलली न्हाई. म्हणली, मी काय मढं हाय का? आन् आता हितं रोज चार जण तिला उलटीपालटी करतेत."

"मग काय करावं म्हणता?"

"मला नका लावू सांगायला." त्या एकदम जोरात म्हणाल्या. "ती गेली की खोलीत मी एकटीच हाय. मला ती पायजे, साहेब. पण तिला इचारलं असतं तर असं ऱ्हायला ती न्हाई म्हणली असती."

मारोती उठले. रुक्माबाईंकडं बघायचं टाळून म्हणाले, "ही म्हणती तसं करा. अंगठा माझा लागत असंल तर लावतो. पण बोलणं हिचं हाय, हे लिहा."

सरांनी ते लिहिलं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "ही बाई पेशंटची कोण?" सर म्हणाले, "कायद्यानं कुणी नाही. पण पेशंटला ओळखणारी ही एकटीच आहे." त्या डॉक्टरांनी चष्मा काढून रुक्माबाईंचं सगळं पुन्हा ऐकून घेतलं, कौसल्याबाईंना पुन्हा तपासलं आणि मग सही केली.

नळी काढायच्या आधी त्रास होऊ नये म्हणून औषध दिलं. ते सरांनी स्वतः दिलं. दुपार कलता कलता कौसल्याबाई गेल्या. रुक्माबाई पलंगाशी उभ्या होत्या आणि मारोती दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून. दोघं कौसल्याबाईंना घेऊन एकाच गाडीतून किनवटला गेले. सर त्या संध्याकाळी एका जागी बसून होते. चहा गार झाला.

मी म्हणाले, "सर, बरोबरच झालं ना?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "नीट विचारलं, नीट ऐकलं. बरोबर झालं का, ते सांगणारी तर गेली."

पुढच्याच वर्षी सरांनी विभाग सोडला. निवृत्तीला अजून अवकाश होता. इतवाऱ्यात सर्दी-खोकल्याचा साधा दवाखाना काढतो म्हणाले. कुणाला वाटलं, व्यवस्थापनाशी बिनसलं. कुणाला वाटलं, तब्येत. निरोपाच्या दिवशी मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मला राग आला होता. आता पेशंटच्या घरची माणसं कुणाशी बोलणार, असं मी काहीसं म्हणाले.

सर गाडीला टेकून उभे राहिले. "बेटा, परवा एक पेशंट आला. साठीचा. फाईल पूर्ण उघडायच्या आधीच माझ्या मनात आलं, सुटला तर बरं होईल बिचारा. त्याच्या बायकोला मी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं." खिशातून गाडीची किल्ली काढत म्हणाले, "तो पेशंट बरा झाला. काल घरी गेला चालत. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं मरणसुद्धा बरं वाटायला लागतं. मी थकलो."

आता लातूरला मी तेच काम करते. घरच्यांना बोलवायच्या आधी हात धुते, पाणी पिते आणि एकदा स्वतःला विचारते, आज मी किती थकले आहे? उत्तर कधी कधी असं येतं की मी बोलणं उद्यावर ढकलते. बाहेर बाकावर बसलेल्यांना ती एक रात्र जड जाते, हे मला माहीत आहे.