माझ्या प्रोग्रामच्या पोटातला आकडा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बोरगावच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. पगाराचा प्रोग्राम मीच लिहिला होता, पुस्तक वाचून, रविवार घालवून. मग कारखान्याच्या संगणकावर युनिक्स नावाची नवी प्रणाली आली आणि ती सांभाळायला पांढुर्ण्याचा एक इंजिनीअर आला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. साहेब येताजाता त्याच्याच खुर्चीशी थांबायचे. मला ते खुपायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा प्रोग्राम चालता चालता गप्प झाला. फाटकाशी कामगार ताटकळलेले. थांबवून पुन्हा सुरू करावा, तर सकाळपासूनचं काम वाया. तसाच सोडावा आणि तो एकाच जागी फिरत असला, तर लोक रिकाम्या हातानं पोळ्याला जाणार. मी थांबवायला निघालो.

"भाऊ, मारू नका त्याले," इंजिनीअर म्हणाला. "आत पाहू द्या."

"नाडी पाहून राहिला का त्याची?"

"तसंच समजा."

त्यानं 'प्रोक' नावाची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, उघडली. आत आकड्यांच्या नावाच्या फायली, प्रत्येक चालू प्रोग्रामची एक. फाईलचा आकार त्या प्रोग्रामनं व्यापलेल्या मेमरीएवढा. मी मनात बेरीज केली.

"एवढी जागा डिस्कवर शिल्लकच नाही. हिशेब चुकला तुझा."

"डिस्कवर नाहीतच ह्या, भाऊ. फाईल नुसती दिसाले. वाचाले गेलं की युनिक्स थेट मेमरीतून काढून देते. प्रोग्राम संपला की फाईलही गेली."

कितव्या कामगारापर्यंत आलो हे मोजणारा आकडा मेमरीत कुठे बसतो, ते त्यानं माझ्याच प्रोग्रामवरून शोधलं आणि फाईलमधली नेमकी तेवढी जागा वाचली. आकडा आला. थोड्या वेळानं पुन्हा वाचली, तर आकडा एकानं वाढलेला.

"चालूनच राहिला. तुमचा नवा ओव्हरटाइमचा हिशेब सावकाश आहे, बस."

ज्याची ओळ न् ओळ मी लिहिली, त्याच्या पोटात हा माणूस डोकावून आला होता, आणि मी पडद्याकडे पाहत बाहेर उभा होतो. सौसरची शेवटची बस सुटायच्या आत पगार वाटून झाले. साहेबांनी पाठ थोपटली ती त्याची.

जाताना मी विचारलं, "त्या आकड्याचा मेमरीतला पत्ता कसा काढला?"

त्यानं कागदावर सगळं लिहून दिलं, काही न लपवता. लपवलं असतं, तर मला त्याचा राग तरी करता आला असता.