चेंडू पायाखाली थांबला तेव्हा

मंडळी, आज सकाळी साताऱ्यात मी फुटसाल, म्हणजे छोट्या मैदानावरचा फुटबॉल, शिकायला गेले. गेल्या वर्षी स्कूटीवरून पडून माझा डावा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण त्या पायावर भार टाकायची भीती काही गेली नव्हती.

मैदानावर धुकं होतं. आम्हा बायकांना कोरेगावची निलोफर शिकवते. ती म्हणाली, "ताई, ह्यो चेंडू लय उसळत न्हाई. जवळ येऊ द्या, आन् वरनं अलगद तळवा ठेवा."

तिनं ढकललेला पहिला चेंडू निसटला. पुढचा धुक्यातून सावकाश आला आणि माझ्या उजव्या तळव्याखाली थांबला. मी नुसती बघत राहिले. सगळ्यांचे आवाज लांब गेल्यासारखे वाटले.

निलोफरनं हळूच विचारलं, "ताई, आत्ता कुठल्या पायावर उभ्या हायसा तुमी?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायावर उभी होते, कशालाही न धरता.

डोळे भरून आले. निलोफरनं फक्त चेंडू परत मागितला. मी तो तिच्याकडे ढकलला.

घरी आले तरी अजून तरंगतेच आहे. तुमची एखादी भीती अशी नकळत निघून गेलीय का कधी?