छापाआधी घागर

विणकर संघाचा माणूस महिन्यातनं एकदा भोरहून पायी चढून आमच्या वाडीत यायचा. आला की टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि प्रत्येक वाक्याआधी "असं बघा" म्हणायचा. डोंगरातल्या सात-आठ वाड्या त्यानं अशाच जोडल्या. सगळ्यांच्या घोंगड्या संघाच्या एका छापानं सारोळ्याला विकायला जायच्या. म्या दोन वर्षं अडून बसलो. माझ्या घोंगडीला दुसऱ्याचा छाप कशाला?

शेवटी एक दिली. त्यानं ती अंगणात डोक्यावर धरली आणि माझ्या मंडळीला म्हणाला, "वैनी, वरनं घागर ओता."

पाणी झिरपून त्याच्या कानावरनं गळायला लागलं. पाणी अडवणारी चिंचोक्याची खळ म्या घाईत पातळ लावली होती.

"असं बघा तात्या," तो तोंड पुसत म्हणाला, "हिला छाप न्हाई मिळायचा."

"एका घोंगडीनं काय बुडतंय?"

"गिऱ्हाईक तुमचं नाव न्हाई घेणार. सगळ्या वाड्यांचं घेईल."

म्या लई भांडलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेला.

पुढल्या महिन्याला दाट खळ लावून दुसरी केली. या खेपेला घागर म्याच ओतली, सगळी. तो कोरडा राहिला. त्यानं छाप मारला, टोपी घातली आणि पुढच्या वाडीची वाट धरली.

चांगली झालीय, एवढं तरी म्हणायचं त्यानं.