पहिल्या स्कॅनची सीडी

देवावर माझी श्रद्धा होती, पण कामं मी यादीवर सोपवत असे. यांचं फुप्फुस बदललं तेव्हापासून तर औषधं, तपासण्या, मास्क सगळं वहीत लिहायचं आणि झालं की खूण करायची. म्हणून त्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात पिशवी तिसऱ्यांदा उपसली, तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडी त्यात नव्हती.

नव्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतून रक्त नीट वाहतं का, हे पाहायला त्या सकाळी शिरेतून औषध सोडून नवा सीटी स्कॅन केला होता. डॉक्टरांनी पडद्यावर जोडाची जागा दाखवली. तिथे वाहिनी अरुंद दिसत होती. पहिल्यापासून तशीच असेल तर काळजी नाही. नव्याने आवळली असेल तर आजच आत तार घालून रुंद करावी लागेल, आणि यांच्या प्रकृतीला त्यात धोका होता. शस्त्रक्रिया दुसऱ्या राज्यात झालेली, तिथला फोन लागेना. जुन्या स्कॅनसाठी दुपारपर्यंत थांबू, असं डॉक्टर म्हणाले.

मग आठवलं. महत्त्वाचा कागद आदल्या दिवशी हळदकुंकू लावून दत्तगुरूंपुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. वहीत सीडीपुढे खूण करून मी ती देवापुढे ठेवली, आणि ती तिथेच राहिली. सिंदी मेघे गावातलं आमचं घर बंद. किल्ली शेजारच्या सिंधूकाकूंकडे, पण त्या दिवा लावायला जाणार संध्याकाळी, आणि फोन उचलत नव्हत्या. मी बाकावर बसले. करण्यासारखं काहीच हाती उरलं नव्हतं. एवढंच म्हटलं, महाराज, आता तुम्हीच पाहा.

एक वाजायच्या आत काकू दारात उभ्या. भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून त्या सकाळीच दिवा लावायला गेल्या, देवापुढे राहिलेलं सीडीचं पाकीट दिसलं, आणि फोन घरीच विसरून, नव्या लुगड्यानिशी त्यांनी नागपूरची बस धरली. घाम पुसत म्हणाल्या, "काऊन वं, यादी करतं अन् सामान देवापाशीच सोडतं? मले वाटलं, देवाचं पाहून झालं असन, आता डॉक्टरले पाहू दे."

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. वाहिनी पहिल्यापासून तेवढीच अरुंद होती. तार घालावी लागली नाही. तिकडे लग्न लागून गेलं. काकूंनी त्याचं नावही काढलं नाही.

मी हात जोडले ते काकूंना की दत्तगुरूंना, ते आता वेगळं करावंसं वाटत नाही. मी बाकावर हरून बसले, तेव्हा काकूंची बस निम्म्या वाटेवर होती. मी हाक मारण्याआधीच मदत निघालेली होती.