४.१ चे ७.१ झाले तेव्हा

मंगला गौरीच्या गल्लीत राहणारी कालिंदी धर्माधिकारी मैदागिनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर सांभाळते. घरात मराठी, कामावर त्या शहराची हिंदी, आणि स्वतःशी बोलताना दोन्हींची सरमिसळ. तिथे तिला चौदा वर्षं झाली. रक्त तपासणारी यंत्रं आपापले आकडे सर्व्हरला पाठवतात आणि सर्व्हर रिपोर्ट छापतो. तो नीट चालला की कालिंदीची कुणाला आठवण होत नाही.

गेल्या जूनमध्ये मात्र सगळ्यांना झाली. एकाच आठवड्यात सर्व्हर तीनदा बंद पडला, तोही सकाळी, उपाशीपोटी आलेल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असताना. दर वेळी काळ्या पडद्यावर तोच मजकूर: मेमरीत दुरुस्त न होणारा दोष सापडला, म्हणून थांबत आहे. थांबणारा होता कर्नेल, म्हणजे संगणकातला सगळ्यात आतला प्रोग्राम. बाकीचे सगळे त्याच्या भरवशावर चालतात. मेमरीतला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारा सगळ्यात लहान कप्पा, उलटला तर संगणक तो आपला आपण सरळ करतो. दोन एकदम उलटले तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. मूळ आकडा काय होता ते कळत नाही.

नवी मेमरी दिल्लीहून यायला आठ दिवस लागणार होते. मॅनेजर शरद मिश्रा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, कुछ भी करिए, बस ये रुकना नहीं चाहिए."

"शरदजी, वो बेवजह नहीं रुकता."

"बाहर बुज़ुर्ग लोग खड़े हैं. उनको मैं क्या वजह बताऊँ?"

त्या जुन्या कर्नेलमध्ये एक सोय होती. कसलाही दोष सापडला तरी फक्त नोंद करायची आणि पुढे चालू ठेवायचं. ती का वापरू नये हे कालिंदीला पक्कं ठाऊक होतं. पण भिंतीला टेकून उभी असलेली म्हातारी माणसं बघून तिला राहवेना. आठच दिवस तर काढायचेत, असं म्हणत तिने ती सोय चालू केली. सर्व्हर मग एकदाही अडला नाही. शरदजींनी सगळ्यांसमोर तिची तारीफ केली.

सहाव्या दिवशी ईशानी आठवले लॅबमध्ये आली. तिची आई गीताताई, संकठा घाटाकडे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. रिपोर्टमध्ये त्यांचं पोटॅशियम ७.१ आलं होतं. एवढं वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना तातडीने भरती करून घेतलं. तिथे पुन्हा तपासलं तर ४.१, अगदी ठीक.

"रात्रभर आई माझा हात धरून होती," ईशानी म्हणाली. "चूक कुणाची, तेवढं सांगा."

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं सगळे म्हणाले. कालिंदीने रक्ताच्या यंत्राची स्वतःची छापील चिठ्ठी काढून पाहिली. तिथे ४.१ होतं. सर्व्हरमध्ये ७.१. मग तिने नोंदी उघडल्या. त्याच मिनिटाला मेमरीचा दोष सापडला होता आणि तिने सांगितल्याप्रमाणे कर्नेल पुढे गेला होता. संगणकाच्या लिपीत चार आणि सात या अंकांमध्ये दोनच बिटांचा फरक असतो.

ती नोंद वाचणारं लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. कालिंदी उठली आणि शरदजींच्या खोलीत गेली.

"गलती मेरी है," ती म्हणाली. "सर्वर अभी बंद कर रही हूँ."

 शरदजी म्हणाले, "कहा तो मैंने था."

"मना करना मेरा काम था."

दोन दिवस सगळ्या स्टाफने मिळून त्या आठवड्याचे रिपोर्ट छापील चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले. आणखी दोन चुका निघाल्या, दोन्ही किरकोळ. त्या दोन्ही घरी फोन गेले. गीताताईंकडे कालिंदी स्वतः गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीनला कळलं होतं?"

"हो. मीच त्याला थांबू नको म्हणून सांगितलं होतं."

"मला फार भीती वाटली हो," गीताताई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. चहा दिला. कालिंदीने तो घेतला.

कामावर तिला लेखी ताकीद मिळाली. नव्या मेमरीबरोबर तिने नवा कर्नेल घातला आणि नियम स्वतः लिहून भिंतीवर लावला: दोष एकाच प्रोग्रामच्या हिश्श्यात असेल तर तेवढाच प्रोग्राम बंद करायचा आणि मेमरीचा तो तुकडा पुन्हा वापरायचा नाही. दोष कर्नेलच्या स्वतःच्या हिश्श्यात असेल, किंवा कुठे आहे हे सांगता येत नसेल, तर तत्क्षणी थांबायचं. शेजारी दुसरा सर्व्हर तयार ठेवायचा.

सप्टेंबरात सर्व्हर पुन्हा एकदा थांबला. दुसऱ्यावर काम सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. रांगेतून आवाज चढू लागले, तेव्हा शरदजी बाहेर गेले, खुर्च्या मांडायला लावल्या आणि म्हणाले, "बैठिए. जाँच सही हो, इसलिए रुके हैं."