टिकेकर साहेब आणि तीन हायब्रिड गाड्या

कुठल्याही कारखान्यात पाऊल ठेवण्याआधी टिकेकर साहेब दहा मिनिटं बाहेर, गाड्या लावायच्या जागेत घालवायचे. मालक हार घेऊन दारात ताटकळत उभा, आणि साहेब पाठीमागे हात बांधून गाड्यांमधून फिरताहेत. वाकून गाडीखाली तेलाचे डाग बघायचे. कामगारांच्या सायकली मोजायचे. मग आत येऊन खुर्चीत टेकता टेकता म्हणायचे, "मालक सांगतो ते ऐकावं, पार्किंग सांगतं ते लिहून घ्यावं."

भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ते खरेदी अधिकारी होते. आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपना कारखान्याचं काम मिळणार की नाही, हे त्यांच्या भेटीवर ठरायचं. मूळचे पुण्याचे. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली, तरी भाजीवाल्याशी शुद्ध मराठीत बोलायचे. तो हिंदीत उत्तर द्यायचा आणि व्यवहार व्हायचा. मी नागपूरकडचा, बारावी नापास, दुसऱ्याच्या लेथवर आठ वर्षं घासून स्वतःची जुनी लेथ घेतलेला. मला माणसं सहसा आवडत नाहीत. हा माणूस आवडला होता, म्हणून हे लिहिताना तोंड कडू होतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या शेडबाहेर गाडी म्हणावी असं काही नव्हतं. पत्र्याखाली सहा सायकली आणि उन्हात माझी स्कूटर. मला वाटलं, हे इथूनच परत फिरणार. स्कूटर उन्हात का, एवढंच त्यांनी विचारलं. पत्रा सहा सायकलींपुरताच आहे, असं मी सांगितलं. त्याच महिन्यात मला काम मिळालं. मोठ्या मोटरमधली तांब्याची गुंडाळी धरून ठेवणारे क्लॅम्प. पुढे अठरा वर्षं ते माझ्याच शेडमधून गेले. सहाचे चौदा कामगार झाले. परत जाताना साहेब चहाला थांबायचे आणि कुणाच्या पार्किंगने काय सांगितलं ते मला ऐकवायचे. मालकाची गाडी दर वर्षी नवी आणि कामगारांच्या सायकली त्याच, तर तिथलं मशीनही तेच असणार, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मग आमच्याच औद्योगिक वसाहतीत एक नवी कंपनी आली. काचेचं ऑफिस, दारात कुंड्या, आणि तीन पांढऱ्या हायब्रिड गाड्या. साहेब तिथली भेट आटोपून माझ्याकडे आले तेव्हा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा होता.

"वानखेडे, गाडी सुरू झाली ते कळतही नाही हो. अर्धी बॅटरीवर, अर्धी पेट्रोलवर. जो पेट्रोलचा थेंब वाचवतो, तो पोलाद वाया घालवील का?"

"सायकली किती होत्या, साहेब?" मी विचारलं.

ते चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

पुढच्याच महिन्यात क्लॅम्पचं काम त्या कंपनीकडे गेलं. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडलो. भाव उतरवला, मुदत कमी केली, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. साहेब म्हणाले, "तुमचा टेम्पो धूर ओकतो, वानखेडे. काळ बदलला." मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो की क्लॅम्प मी बनवतो, टेम्पो नाही. त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. ते पाणी मी प्यायलो नाही.

त्यानंतर तीन दिवस सकाळी मी त्या कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. साहेबांनीच शिकवलं होतं ते केलं. एक गाडी मालकाची, दुसरी त्याच्या भावाची, तिसरी मेव्हण्याची. सायकल एकही नाही. भोंगा नाही, लोखंडाचा कीस भरून बाहेर जाणारी हातगाडी नाही. चौथी गाडी नव्हतीच, कारण चौथा माणूस नव्हता. माझे फोरमन सलीमभाई बरोबर होते. म्हणाले, "सेठ, इनकी गाडी आवाज नहीं करती, तो कारखाना क्या करेगा."

महिनाभरात त्यांतली एक गाडी माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली. आवाज खरंच आला नाही. मालक उतरला, गॉगल डोक्यावर सरकवला आणि म्हणाला की क्लॅम्प तुम्हीच बनवा, फक्त शिक्का आमच्या कंपनीचा मारा. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गेला. वळून बघितलं तर चौदा माणसं मशीन बंद करून माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या दोघांनी दुसरीकडे विचारपूस सुरू केल्याचं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला. तासभर घासाघीस केली आणि त्याच्या आकड्यापेक्षा बराच वर गेलो. आयुष्यात इतके सौदे जिंकले, पण जिंकल्याचं घरी सांगितलं नाही ते त्या एकदाच.

दोन वर्षं माझ्या क्लॅम्पवर त्यांचा शिक्का पडत राहिला. मग निवृत्तीला आठ दिवस असताना साहेबांनी मला क्वार्टरवर बोलावलं. खोकी बांधून झाली होती. कोलार रोडला त्यांनी घर बांधलं होतं, त्याला लोखंडी फाटक हवं होतं.

"तुमच्याच हातचं पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही कड घासून जशी गोल करता, तशी भोपाळमध्ये कोणी करत नाही. डोळे मिटून ओळखीन."

"आणि क्लॅम्पची कड?"

"पहिल्याच पेटीला ओळखली."

मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. पुरवठादार तपासायला दिल्लीची समिती येते, म्हणाले, तिच्या फॉर्ममध्ये पर्यावरणाचा रकाना असतो. तिथे तीन गाड्यांचा फोटो लावता येतो. माझी कड ते कुठे लावणार? शिवाय, त्यांचं म्हणणं, काम शेवटी मलाच मिळालं, मग नुकसान कुणाचं झालं?

लाच खाल्ली असती तर मला समजलं असतं. त्याचाही भाव असतो, मीही बोली लावली असती. या माणसाने काहीच खाल्लं नव्हतं. डोळ्यांना सगळं दिसत असताना त्याने फक्त रकाना भरला होता. समोरची बिस्किटं बघून मला शिसारी आली.

तरी मी शेवटचा सौदा करून बघितला. म्हटलं, फाटक फुकट करतो, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. हे क्लॅम्प वानखेडेंच्या शेडमध्ये बनतात, एवढंच. अजून आठ दिवस तुमची सही चालते.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"जाता जाता कशाला, वानखेडे. चौकशी लागते. पेन्शन अडकते."

मी उठलो. ते दारापर्यंत सोडायला आले, आणि नेहमीच्याच आपुलकीने त्यांनी विचारलं, "मग फाटकाचं माप घ्यायला कधी येता?"

"ऑर्डर त्या कंपनीला द्या, साहेब," मी म्हणालो. "बनवायला माझ्याकडेच येईल."