बॉम्बच्या दिवशी मार्लीसकडे पाहुणा होता

मार्लीस वेर्निके आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहते, मी पहिल्या. वीस वर्षांचा शेजार आहे. तिला काळजी करायला कारण लागत नाही, हे आमच्या अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. गॅस बंद केला का हे बघायला ती ट्रामच्या थांब्यावरून परत येते. मी खोकले तर संध्याकाळी दारात काढा घेऊन उभी.

हा स्वभाव तिला कामाने लावला असं मला वाटतं. बर्लिनची भिंत पडायच्या आधी एल्बे नदीकाठी मोठमोठी यंत्रं बनवणारा कारखाना होता, तिथे ती छताखालच्या क्रेनवर बसायची. वीस वर्षं. हुकाला कित्येक टनांचा लोखंडी ठोकळा लटकतोय आणि त्याच्याखाली कोणी माणूस नाही ना, हे तिने बघायचं. कोणी आहे असं नुसतं वाटलं तरी हात थांबला पाहिजे. वीस वर्षांत तिच्या हुकाखाली कोणाचं नखही दुखावलं नाही. मग कारखाना बंद पडला आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिथेही पोरांच्या सूपमध्ये हाड राहिलं नाही ना, हे बघत बसायची म्हणे.

नवरा लोटार गेल्यावर घर रिकामं झालं. तिची मुलगी आंके श्टुटगार्टला असते. तिनेच आईचं नाव इंटरनेटवर एका ठिकाणी घातलं. परगावचे कमी पैशांत फिरणारे लोक तिथून घर शोधतात, दोन-तीन दिवस फुकट राहतात, बदल्यात गप्पा मारतात.

"आई, तुला काळजी करायला कोणीतरी हवंच आहे. निदान मला फोन करणं तरी कमी होईल," आंके म्हणाली होती.

झालं उलटंच. पाहुणा आला की आंकेला दुप्पट फोन. तो अजून आला नाही, तो काही खात नाही, तो पावसात छत्री न घेता गेला.

त्या ऑक्टोबरात एंडेल कास्क नावाचा एस्टोनियातला माणूस आला. सत्तरीचा, एकटा. सगळा जन्म जहाजांच्या इंजिनखोलीत गेलेला, त्यामुळे कान जवळजवळ गेलेले. दोन्ही कानांत यंत्रं लावायचा आणि झोपताना काढून पेल्यात ठेवायचा. स्वस्तातल्या बसने रात्रभर प्रवास करून बर्लिन, तिथून आमच्याकडे. तीन दिवस राहणार होता. मोडकंतोडकं जर्मन बोलायचा. बुधवारी संध्याकाळी मार्लीसने मलाही जेवायला बोलावलं होतं. बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज होते. तो पोटभर जेवला आणि म्हणाला, "मला जहाज बघायचं. नदीच्या वरून जाणारं जहाज."

म्हणजे आमचा कालव्याचा पूल. खाली एल्बे वाहते आणि वरून पाण्याच्या पुलावरून जहाज जातं.

"उद्या दुपारी मी घेऊन जाईन तुम्हाला," मार्लीस मोठ्याने म्हणाली. "सकाळी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही झोपा. एकटे जाऊ नका. बस बदलावी लागते."

"हो हो," तो म्हणाला. किती ऐकू आलं कोणास ठाऊक.

गुरुवारी सकाळी पावणेआठला ती बाहेर पडली. त्याच्या खोलीचं दार बंद होतं, बूट कोटांच्या खुंटीखाली होते. तिने पाव, चीज, उकडलेलं अंडं झाकून ठेवलं आणि चिठ्ठी लिहिली की एक वाजता येते.

साडेनवाला आमच्या मागच्या रस्त्यावर गटाराच्या पाइपसाठी खणणाऱ्या यंत्राला बॉम्ब लागला. युद्धातला, अमेरिकन, न फुटलेला. आमच्या शहरात जमीन खणली की हे निघतंच, त्याची भीती अशी उरलेली नाही. वैतागच जास्त. गाडीवरून भोंग्यातून ओरडत आले की पाचशे मीटरच्या आतल्या सगळ्यांनी घर सोडा, शाळेच्या व्यायामशाळेत सोय केली आहे. मी मांजरीला पिंजऱ्यात कोंबलं, औषधं घेतली आणि जाताना वर जाऊन मार्लीसची बेल वाजवली. दोनदा. कोणी उघडलं नाही. वरून हेर (म्हणजे श्रीयुत) ल्यूडेके जिना उतरत होते, एकोणऐंशी वर्षांचे, हातात पिशवी.

"तुम्ही व्यायामशाळेत येताय ना?" मी विचारलं.

"मुलीकडे चाललोय," ते म्हणाले आणि खाली आल्यावर टपालपेटी उघडून बसले. मी पुढे निघाले. एंडेलच्या कानांचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हे मी कबूल केलेलं बरं.

पावणेबाराला मार्लीसचा फोन आला.

"उटे, ट्राम थांबवलीये. आमच्या बाजूला जाऊच देत नाहीयेत. एंडेल तुझ्याबरोबर आहे ना?"

"नाही गं. मी बेल वाजवली होती. घरात कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं, की कोणी उघडलं नाही?"

"दोनदा वाजवली," मी म्हणाले.

"अगं, त्याची यंत्रं पेल्यात असतात! तू दोनशे वेळा वाजवलीस तरी काय होणार! मी अकरा वेळा फोन केला त्याला. नुसता वाजतोय."

ती चालत व्यायामशाळेत पोचली तेव्हा गालाची एक बाजू अजून बधिरच होती, त्यामुळे बोलताना शब्द वाकडे येत होते. आत शेकडो माणसं. वृद्धाश्रमातले आजारी लोक खाटांसकट आणलेले, तान्ही मुलं, कुत्री. रेडक्रॉसवाले वाटाण्याचं सूप वाटत होते. ती कोणाकडे न बघता थेट बोल्के नावाच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथला सगळा कारभार त्याच्याकडे होता.

"माझ्या घरात माणूस आहे."

त्याने यादी बघितली. "फ्राऊ वेर्निके, तुमच्या इमारतीत आमची माणसं जाऊन आली. प्रत्येक दार ठोठावलंय. रिकामी आहे."

"त्याला ऐकू येत नाही."

"म्हणजे तो आत आहे, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

मी तिच्या शेजारीच होते. "हो" म्हणाली असती तर सगळं सोपं झालं असतं. तिने ओठ चावला. बधिर असल्यामुळे रक्त आलं तरी तिला कळलं नाही.

"नक्की नाही," ती म्हणाली. "पावणेआठला त्याचे बूट घरात होते. एवढंच माहीत आहे."

बोल्केने कपाळ चोळलं. "बॉम्ब निकामी करणारा माणूस खड्ड्यात उतरायच्या बेतात आहे. मी आता कोणाला आत पाठवलं तर सगळं थांबणार. एक तास, कदाचित जास्त. बाहेर चार हजार माणसं ताटकळलीयेत. हे आजारी लोक बघा. आणि तुम्ही म्हणताय, नक्की नाही."

"हो. नक्की नाही," मार्लीस परत म्हणाली आणि खिशातून किल्ल्या काढून त्याच्या यादीवर ठेवल्या. "तरी थांबवा."

त्याने किल्ल्या हातात घेतल्या. मग वायरलेस उचलला.

काम थांबल्याचं भोंग्यावर सांगितलं, कारणही सांगितलं. पाचच मिनिटांत सगळ्या हॉलला कळलं की ती बाई कोणती. मार्लीस भिंतीला लागून बाकावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी सूप आणलं, तिने नुसती मान हलवली.

"पाहुणा म्हणे! कुठेतरी बाकावर बसून बिअर पीत असेल," एक जण मुद्दाम ऐकू जाईल असं बोलला.

"फुकटात परके लोक घरात घ्यायचे आणि त्रास आम्हाला," एक बाई म्हणाली. तिच्या मांडीवरचं बाळ रडून रडून लाल झालं होतं. त्या बाळाकडे बघून मार्लीसचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता उठून बोल्केकडे जाईल आणि म्हणेल, जाऊ दे, करा सुरू. ती उठली नाही. मला हळूच म्हणाली, "उटे, तो जर घरात नसला तर मी या गल्लीत तोंड कसं दाखवू? आणि असला तर..."

चाळीस मिनिटांनी बोल्के आमच्याकडे आला. तो चालत येत होता तेव्हाच मला कळलं.

"घर रिकामं आहे, फ्राऊ वेर्निके. बूट नाहीत. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलाय. टेबलावर चिठ्ठी आहे, 'जहाज बघायला'."

मागे कोणीतरी जोरात हसलं. कोणी टाळ्या वाजवल्या, खवचटपणे. मार्लीस गळ्यापर्यंत लाल झाली. "माफ करा," ती म्हणाली. "माफ करा सगळ्यांनी." कोणी ऐकत नव्हतं.

बोल्के वळला, तेवढ्यात त्याचा वायरलेस खरखरला. अग्निशामक दलाची एक मुलगी आमच्या इमारतीच्या वरच्या जिन्यातून बोलत होती. तिला म्हणे तिसऱ्या मजल्यावर कॉफीचा वास येत होता. ताज्या कॉफीचा.

"तिसऱ्यावर कोण राहतं?" बोल्केने विचारलं.

"हेर ल्यूडेके," मी म्हणाले. "पण ते मुलीकडे गेलेत. मी स्वतः बघितलं."

"काय बघितलंस?" मार्लीस एकदम म्हणाली. "अगं, त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली."

ते घरातच होते. आम्ही सगळे गेल्यावर पिशवीसकट परत वर चढले होते. मघाशी दार ठोठावलं तेव्हा श्वास रोखून बसले होते. खिडक्यांपासून लांब, मधल्या बोळात, भिंतीला उशा लावून. त्या अग्निशामक मुलीने दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलून बोलून शेवटी दार उघडायला लावलं. त्यांचं घर खणलेल्या खड्ड्यापासून नव्वद मीटरवर.

त्यांना आणलं तेव्हा पायांत घरातल्याच सपाता होत्या. ते सरळ मार्लीससमोर आले.

"तुम्हीच पाठवलंत त्यांना?"

"मी तुमच्यासाठी नव्हतं पाठवलं, हेर ल्यूडेके. मला माहीतच..."

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा मला असंच एका तळघरातून हाकलत दुसऱ्या तळघरात नेलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच ठरवलं होतं, परत कोणाच्या सांगण्यावरून घर सोडायचं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

आणि ते हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले. ते रडणारं बाळ एव्हाना झोपलं होतं. त्याची आई मार्लीसकडे बघत होती.

काम पुन्हा सुरू झालं. बॉम्ब पेटवणाऱ्या दोन कळांपैकी एक गंजून बसली होती, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तो सगळा वेळ मार्लीस एंडेलची काळजी करत होती. बस चुकली असेल, पुलाच्या कठड्यावरून वाकला असेल. साडेतीनला भोंगा वाजला. झालं. घरी जा.

एंडेल आम्हाला पोलिसांच्या फितीपाशीच भेटला, फुटपाथच्या कडेवर बसलेला. वाऱ्याने नाक लाल झालेलं, गळ्यात छोटा कॅमेरा. मार्लीसला बघून तोंडभर हसला.

"जहाज!" तो म्हणाला. "वर! तीन जहाज!"

"तुम्हाला मी सांगितलं होतं एकटे जाऊ नका! सांगितलं होतं की नाही?" मार्लीस भर रस्त्यात ओरडली. "मी मेले असते आज! एकटे! बस बदलून!" आणि मग रडायलाच लागली. त्याला काही कळेना. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग पोलिसाकडे, आणि शेवटी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा काढून तिच्या हातात दिला. पुलाजवळच्या टपरीवरून तिच्यासाठी आणलेला. तिने रडत रडतच तो घेतला. नंतर मी त्याला खाणाखुणांनी बॉम्ब समजावला तेव्हा तो पांढराफटक पडला. उरलेले दोन दिवस तिला विचारल्याशिवाय न्हाणीघरातसुद्धा गेला नाही.

हेर ल्यूडेकेंना पालिकेचं एक कडक पत्र आलं. ते मार्लीसशी बोलेनासे झाले. जिन्यात ती दिसली की परत वर जायचे. ती मात्र रोज ऐकायची, वर पाय वाजताहेत की नाही. "आज नऊ वाजेपर्यंत हालचाल नव्हती, उटे. मी छताला झाडूने ठोकणारच होते," असं मला सांगायची. मी म्हणायचे, "नको ठोकूस बाई, आधीच ते चिडलेत." नवे पाहुणे घेणं तिने बंद केलं. आंकेने कारण विचारलं तर दात दुखतो म्हणाली.

नाताळ गेला. फेब्रुवारीत एका सकाळी हेर ल्यूडेकेंनी तिची बेल वाजवली. मी नेमकी तिच्याकडे कॉफी प्यायला बसले होते.

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे," ते दारातूनच म्हणाले. "बरोबर माणूस आणल्याशिवाय करत नाहीत. मुलगी कॅनडाला. तुम्ही याल का?"

"मी?" मार्लीस म्हणाली. "तुम्ही तर माझ्याशी..."

"तुम्ही निदान मला तिथे विसरून येणार नाही," ते म्हणाले.

ती गेली. चार तास तिथे खुर्चीवर बसून राहिली. परत येताना ट्राममध्ये, एका डोळ्याला पट्टी, त्यांनी तिला त्या तळघराबद्दल सांगितलं, युद्धाच्या शेवटच्या जानेवारीतल्या, आमच्या शहरावर बॉम्ब पडले तेव्हाच्या. त्यांना एक धाकटी बहीण होती, एवढंच मार्लीसने मला सांगितलं. बाकीचं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढचे दोन आठवडे त्यांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. मार्लीसने चार गजर लावले, आणि ते वाजायच्या आधीच जिन्यात तिची पावलं ऐकू यायची.